पुण्याची आरशाची दुर्बीण

१८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले होते. तेथे कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे पंचविशीतले पारशी अध्यापक प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवीत. महाराजांनी वर्णपटशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने त्यात तेवढीच भर घातली. या दहा हजारांच्या बीजातून अखेर पुण्यात एक वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची आरशाची दुर्बीण पुढे कित्येक दशके भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. आज पुण्यात तिचे नाव ठाऊक असलेली माणसे थोडीच सापडतील.

धागा लांब आहे. विषय आहे दुर्बिणीच्या निवडीचा: पैसा मोजका, आकाशाची छायाचित्रे घ्यायची आहेत, तर भिंग घ्यावे की आरसा?

कोल्हापूरकरांना भावनगरचे नाव परके वाटू नये. राजर्षी शाहू छत्रपतींचे जिवलग स्नेही भावसिंहजी हे याच तख्तसिंहजींचे पुत्र. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली हे दोघे एकत्र शिकले. शाहू राजकोटला होते त्याच वर्षांत, भावसिंहजींच्या वडिलांच्या देणगीतून, पुण्यात दुर्बिणीचा घुमट आकार घेत होता.

नायगमवाला १८८४ मध्ये उपकरणे पाहण्यासाठी इंग्लंडला गेले. तेथे त्यांची राजज्योतिषी विल्यम क्रिस्टी आणि सौर वर्णपटाचे गाढे अभ्यासक नॉर्मन लॉकियर यांच्याशी भेट झाली. नुसत्या प्रयोगशाळेऐवजी खगोलभौतिकीची वेधशाळाच उभारावी, असे या चर्चांतून ठरले. मुंबईची हवा त्या कामाला योग्य नव्हती, म्हणून जागा निवडली गेली ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सची. हेच आजचे सीओईपी. १८८८ मध्ये ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ सुरू झाली.

आता आरशाकडे वळू. त्या काळच्या कोणाही खरेदीदारापुढे दोन वाटा होत्या. भिंगाची दुर्बीण दणकट, बंद नळीची, फारशी देखभाल न मागणारी; पण महाग. मोठ्या भिंगासाठी दोन वेगवेगळ्या जातींच्या काचा लागतात, त्या आतून-बाहेरून निर्दोष असाव्या लागतात, आणि चार पृष्ठभाग अचूक घासावे लागतात. आरशाला एकच पृष्ठभाग. प्रकाश काचेतून जातच नाही, त्यामुळे काचेच्या पोटात एखादा बुडबुडा राहिला तरी बिघडत नाही. तेवढ्याच पैशांत आरसा कितीतरी मोठा मिळतो. वीस इंची आरसा सहा इंची भिंगाच्या सुमारे अकरा पट प्रकाश गोळा करतो. अंधूक तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकात पसरवायचा तर हा अकराचा आकडा निर्णायक ठरतो.

छायाचित्रणाचा मुद्दा याहून नाजूक आहे. भिंग निरनिराळे रंग थोड्या निरनिराळ्या अंतरांवर एकवटते. डोळ्यांसाठी घडवलेल्या भिंगात पिवळा-हिरवा प्रकाश नेमका जुळवलेला असे आणि निळा पसरट राहत असे. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचांना मात्र मुख्यतः निळाच प्रकाश दिसे! म्हणजे डोळ्याला टाचणीच्या टोकासारखा दिसणारा तारा काचेवर धुरकट ठिपका होऊन उमटे. आरसा सर्व रंग एकाच बिंदूत आणतो.

मग सगळ्यांनी आरसेच का घेतले नाहीत? याचे उत्तर धातूत आहे. न्यूटनने १६६८ मध्ये पहिली परावर्ती दुर्बीण केली, तेव्हापासून जवळजवळ दोनशे वर्षे दुर्बिणीचे आरसे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. ते जड, ठिसूळ, आणि पडलेल्या प्रकाशाचा मोठा भाग गिळणारे. शिवाय ते काळवंडत. काळवंडलेला आरसा पुन्हा घासला की त्याची वक्रता बदलण्याची भीती; म्हणजे प्रत्येक सफाई हे नव्याने आरसा घडवण्याइतकेच काम. डब्लिनच्या ग्रब कारखान्याने १८६९ मध्ये मेलबर्नला उभारून दिलेली ४८ इंची धातूची दुर्बीण याच दुखण्याने लंगडी पडली. आरसा काळवंडला आणि तो घडवणारे कारागीर हजारो मैलांवर. या एका अपयशाने आरशाच्या दुर्बिणींची पत बराच काळ घसरली.

वस्तुतः इलाज त्याआधीच सापडला होता. १८५६–५७ च्या सुमारास जर्मनीत श्टाइनहाइल आणि फ्रान्समध्ये फूको यांनी काचेच्या आरशावर रासायनिक रीतीने चांदीचा पातळ थर चढवण्याची पद्धत दुर्बिणीसाठी वापरली. काच धातूपेक्षा हलकी, चांदी मिश्रधातूपेक्षा कितीतरी उजळ, आणि थर काळा पडला तर तेवढा विरघळवून नवा चढवायचा. खालची वक्रता शाबूत. मोठ्या पण नेता येण्याजोग्या, परवडणाऱ्या दुर्बिणीचा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

या नव्या जातीची दुर्बीण भारतात लवकरच पोहोचली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी मेजर टेनंट यांनी गुंटूरला नऊ इंची, चांदीचा थर दिलेल्या काचेच्या आरशाची दुर्बीण नेली होती आणि तिच्यातून ग्रहणाची छायाचित्रे घेतली. त्याच दिवशी आपल्या जवळ, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल भिंगाची दुर्बीण आणि वर्णपटदर्शक लावून बसले होते. श्रावणातले आभाळ, ढगांच्या फटीतून मिळालेल्या क्षणांत त्यांना सूर्यावरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या.

(येथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे, कारण दर ऑगस्टमध्ये तो मोबाइलवर फिरतो. १८६८ मध्ये लॉकियर विजयदुर्गावर नव्हते, इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ग्रहणाविनाच, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, सूर्यज्वालांच्या रेषा पाहिल्या. हेलियमची कथा तेथून पुढे सरकते. विजयदुर्गाला ते आले ते तीस वर्षांनी, १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावर दाखवले जाणारे ‘साहेबांचे ओटे’ त्या खेपेचे.)

नायगमवाला इंग्लंडला पोहोचले तेव्हा आरशाची पत पुन्हा चढत होती, आणि त्याचे श्रेय बरेचसे एका हौशी माणसाला जाते. अँड्रू एन्स्ली कॉमन हे व्यवसायाने सांडपाण्याच्या कामांचे अभियंता. लंडनजवळ इलिंग येथील आपल्या बागेत त्यांनी ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली आणि ३० जानेवारी १८८३ रोजी मृगातील तेजोमेघाचे असे छायाचित्र घेतले, की ज्यात डोळ्याला कधीच न दिसलेले तारे उमटले होते. डोळा क्षणाक्षणाने पाहतो. छायाचित्राची काच प्रकाश साठवत राहते. १८८४ मध्ये, म्हणजे नायगमवाला इंग्लंडला गेले त्याच वर्षी, रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॉमन यांना सुवर्णपदक दिले. पुढच्याच वर्षी आयझॅक रॉबर्ट्स यांनी ग्रब कारखान्याकडून वीस इंची आरशाची दुर्बीण घेतली आणि १८८८ च्या डिसेंबरात तिच्यातून देवयानी तेजोमेघाचे सर्पिल वळसे टिपले. पुण्याची दुर्बीणही ग्रब यांचीच. म्हणजे पुण्याने केलेली निवड मागासलेल्या वसाहतीची काटकसर नव्हती; युरोपातील अग्रगण्य छायाचित्रकार त्याच सुमारास नेमकी तीच निवड करीत होते.

वेधशाळेने लवकरच एक असे काम केले, की ज्यासाठी धैर्य लागते. लॉकियर यांचा सिद्धांत असा, की तेजोमेघ हे उल्कांचे थवे आहेत, आणि त्यांच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा ही मॅग्नेशियमपासून येणाऱ्या पट्ट्याची कड आहे. तसे असेल तर ती रेषा एका बाजूला पुसट, पसरट दिसायला हवी. विल्यम हगिन्स यांचे म्हणणे, की ती दोन्ही बाजूंनी रेखीव आहे. वाद कडवट झाला होता. नायगमवालांनी पुण्याहून मृगातील तेजोमेघाची ती रेषा जास्त विस्तार देणाऱ्या वर्णपटदर्शकातून तपासली आणि १८९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: रेषा बारीक आणि रेखीव आहे. ज्या लॉकियरांच्या प्रोत्साहनाने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच विरुद्ध हा पुरावा होता. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी उलगडले ते १९२७ मध्ये. आज हौशी छायाचित्रकार तेजोमेघांसाठी ‘ओ-थ्री’ नावाची गाळणी कॅमेऱ्यापुढे लावतात. ती हीच रेषा वेचून घेते. १८९१ च्या पुण्याशी असलेले तिचे नाते ती लावणाऱ्याला सहसा माहीत नसते.

या यशाच्या मागे एक नित्याचे, कंटाळवाणे काम असते आणि इतिहासात त्याचा उल्लेख क्वचित येतो. चांदी काळी पडते. दमट हवेत लवकर पडते. पावसाळ्याचे चार महिने आकाश बंद, आणि नेमका तोच काळ चांदीचा वैरी. थर गेला की आरसा नळीतून काढायचा, जुना थर आम्लाने विरघळवायचा, काच निर्मळ धुवायची, सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाच्या द्रावणात साखरेचे द्रावण मिसळून नवा थर बसवायचा, मग आरसा परत बसवून त्याचा अक्ष जुळवायचा. बोटाचा ठसा उमटला, पाणी अशुद्ध निघाले, तर पुन्हा पहिल्यापासून. भिंगाच्या दुर्बिणीचा मालक एवढ्या वेळात फडक्याने धूळ पुसून निरीक्षणाला बसलेला असतो. आरसा स्वस्त पडतो तो खरेदीच्या दिवशी. उरलेली किंमत तो हप्त्याहप्त्याने, जाणत्या माणसाच्या श्रमांतून वसूल करतो.

दुर्बीण नेता येण्याजोगी असण्याला काय मोल असते, हे २२ जानेवारी १८९८ रोजी दिसले. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गापासून ईशान्येकडे, आजच्या सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून पुढे विदर्भाकडे गेला. नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर रेषेने जोडले, तर कोल्हापूर तिच्या दक्षिणेस राहते. नायगमवालांनी आपला तळ जेऊरला ठोकला. काळ कठीण होता. पुण्यात प्लेग होता, रँडच्या वधाला पुरते वर्षही झाले नव्हते. जेऊर रेल्वेमार्गावर होते, ही मोठी सोय. उपकरणांच्या पेट्या ग्रहणाच्या पट्ट्यात गाडीने नेता आल्या. घुमटातली वीस इंची दुर्बीण अर्थातच या कामाची नव्हती.

जेऊरलाच कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल पत्नी एलिझाबेथसह आले होते. त्यांच्या कॅमेऱ्याचे भिंग अवघे पाच इंची, पण नाभी अंतर चाळीस फूट! एवढी नळी सूर्यामागे फिरवणे अशक्य. म्हणून ती जमिनीवर तिरपी, पक्की उभारायची आणि ग्रहणाच्या वेळी सूर्याची प्रतिमा जशी सरकेल तशी छायाचित्राची काचच घड्याळाच्या यंत्राने सरकवायची. विजयदुर्गावर लॉकियर यांच्या मदतीला ‘मेल्पॉमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटे. नायगमवालांच्या तुकडीने तेवढ्या अवधीत सूर्याच्या वर्णगोलाचे आणि प्रभामंडलाचे वर्णपट छायाचित्रित केले. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९०० पासून नायगमवाला पूर्णवेळ वेधशाळेचे काम पाहू लागले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वेधशाळा बंद करण्यात आली. अवघी चोवीस वर्षे. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. कोडाईकनाल ही सूर्याच्या अभ्यासाची वेधशाळा. रात्रीच्या अंधूक तेजोमेघांसाठी उपयुक्त अशा वीस इंची आरशाला तेथे तातडीचे काम नव्हते. दुर्बीण तेथे उभी राहिली ती १९५१ च्या सुमारास, आणि ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मधली जवळजवळ चार दशके, ज्या काळात देशात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती, ती आकाशाकडे वळलीच नाही.

शेजारी एक तुलना ठेवण्याजोगी आहे. कॉमन यांची मृगाचे छायाचित्र घेणारी ती ३६ इंची दुर्बीण पुढे क्रॉस्ले नावाच्या धनिकाने विकत घेतली आणि १८९५ मध्ये लिक वेधशाळेला दिली. तेथेही ती काही काळ नकोशी अडगळच होती. १८९८ मध्ये जेम्स कीलर यांनी ती हाती घेतली, तिची बैठक आणि आरसा मनाजोगता करून घेतला, आणि दोन वर्षांत अशी छायाचित्रे काढली, की या दुर्बिणीच्या टप्प्यात किमान १,२०,००० तेजोमेघ असावेत असा अंदाज त्यांनी मांडला. १९०० मध्ये कीलर अकाली वारले. तरी त्यांची दुर्बीण चालूच राहिली. लिकमध्ये पुढचा माणूस उभा होता. पुण्यात नायगमवालांच्या मागे कोणी घडवलेले नव्हते. आरशाची निवड चुकली नव्हती, आरशाला लागणाऱ्या माणसांची तजवीज कोणीच केली नाही. देणगी दुर्बिणीसाठी मिळते. दर हंगामात चांदी चढवणाऱ्याच्या पगारासाठी संस्थानिक देणगी देत नाहीत.

चांदीचे राज्य संपले ते १९३० नंतर. निर्वात पात्रात अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून तिचा थर काचेवर बसवण्याची रीत जॉन स्ट्राँग यांनी रूढ केली. हा थर वर्षानुवर्षे टिकतो. आरशाच्या दुर्बिणीचे सर्वांत मोठे ओझे उतरले आणि ती खऱ्या अर्थाने सामान्यांच्या हाती आली.

पुण्यातील वेधशाळेच्या उद्घाटनाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९८८ मध्ये, त्याच शहरात आयुकाची स्थापना झाली. संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. आयुकाची दोन मीटर व्यासाची आरशाची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला २००६ पासून आहे. पण या धाग्याच्या दृष्टीने तिच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे आयुकात झालेल्या दुर्बीण-निर्मितीच्या कार्यशाळा. काचेच्या दोन चकत्या, त्यांच्यामध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी, आणि तासन्‌तास घासणे. विद्यार्थी आणि शिक्षक स्वतःच्या हाताने आरसा घडवून, फूकोच्या सुरीच्या धारेच्या चाचणीने तो तपासून, दुर्बीण घरी घेऊन जात. १९१२ मध्ये पुण्याला जी माणसे कमी पडली, ती अशीच तयार होतात.

आज कोल्हापुरातला एखादा विद्यार्थी साठवलेल्या पैशांत दुर्बीण घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्यापुढचे प्रश्न १८८४ च्या प्रश्नांहून फारसे वेगळे नसतात. रंगदोष नसलेले छोटे भिंग आजही महाग, आरसा आजही स्वस्त. १३० किंवा १५० मिलिमीटरचा, नाभी अंतर व्यासाच्या पाच पट असलेला न्यूटनी आरसा ही ठरलेली पहिली निवड. १५० चा आरसा १३० पेक्षा एक-तृतीयांश जास्त प्रकाश घेतो, पण नळी लांब आणि जड होते, आणि वजन नळीचे एकटीचे कधीच नसते. कॉमन आणि कीलर यांनी बैठकीवर इतके कष्ट का घेतले, ते एका हिशेबाने कळते. आकाश सेकंदाला पंधरा विकलांनी सरकते. ७५० मिलिमीटर नाभी अंतराच्या दुर्बिणीला आजचा नेहमीचा कॅमेरा लावला, की एक चित्रबिंदू साधारण एका विकलेचा असतो. म्हणजे बैठक स्थिर राहिली तर तारा एका सेकंदात सुमारे चौदा चित्रबिंदू ओलांडून गेलेला असतो. म्हणून पैसे कमी असतील तर आरसा लहान घ्यावा आणि घड्याळी गतीने फिरणारी विषुववृत्तीय बैठक भक्कम घ्यावी. दुकानदार बहुधा याच्या उलट सांगतो.

आणखी एक सापळा आहे. ११४ मिलिमीटरचा आरसा, नाभी अंतर १००० मिलिमीटर, पण नळी मात्र जेमतेम अर्धा मीटर, असे वर्णन दिसले की समजावे, आरसा साधा गोलीय आहे आणि उणीव झाकायला नळीत एक भिंग बसवले आहे. रंगदोष टाळण्यासाठी आरसा घ्यायचा आणि भिंग पुन्हा मागच्या दाराने आत घ्यायचे, हा व्यवहार न्यूटनला पटला नसता. आरसा अन्वस्तीय आहे ना, आणि कॅमेरा लावल्यावर प्रतिमा त्याच्या फलकावर नेमकी येते ना, हे दोन प्रश्न खरेदीपूर्वी विचारावेत. डोळ्यांसाठी बनवलेल्या अनेक स्वस्त दुर्बिणींत कॅमेरा पुरेसा आतच जात नाही.

पन्हाळ्याच्या घाटातून दुचाकीवर बसून गेलेल्या दुर्बिणीचा आरसा मसाई पठारावर पोहोचेपर्यंत थोडा हललेला असतो. मग अंधारात, डोक्याला लाल दिवा लावून, तीन स्क्रू फिरवत अक्ष जुळवायचा. थंडीच्या दिवसांत मृग तोवर पूर्वेला चांगला वर आलेला असतो. त्याच्या तलवारीत कॅमेरा रोखला की ती हिरवी रेषा पुन्हा एकदा काचेवरून परावर्तित होते.